साडेसात मिनिटांची साडेसाती

वक्तृत्व स्पर्धा म्हणजे कोणीही आग्रह केलेला नसताना मनुष्याने स्वतःहून अनोळखी लोकांसमोर उभे राहून, ठरावीक मिनिटांत त्यांचे अंतःकरण हेलावून सोडण्याची आणि ते नेमके किती हेलावले याचे गुण लगोलग कागदावर मिळवण्याची रीत होय. या रीतीचे अत्यंत संघटित रूप टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत पाहावयास मिळते. मेजवानीत कोणाच्या नावाने पेला उंचवायचा आणि त्यापूर्वी कोणी बोलायचे याची व्यवस्था पाहणाऱ्या सूत्रधाराला टोस्टमास्टर म्हणतात. पावाशी त्याचा संबंध नाही, हे न्याहारीच्या अपेक्षेने पहिल्या बैठकीस जाणाऱ्यांसाठी येथेच नमूद केलेले बरे. राल्फ स्मेडली या गृहस्थांनी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सँटा ॲना येथे वायएमसीएच्या तळघरात या मंडळींची बैठक भरवली, आणि बोलण्याचा सराव करणाऱ्यांना तळघरात बसवणे हे शेजारधर्माच्या दृष्टीने योग्यच होते. पुढे मंडळी तळघरातून वर आली, देशोदेशी पसरली आणि १९३८ पासून तिची जागतिक स्पर्धाही सुरू झाली. ‘स्पीक’ या माहितीपटात पॉल गॅलिचिया आणि ब्रायन वाइडलिंग या दिग्दर्शकांनी २००८ साली कॅनडातील कॅल्गरी येथे झालेल्या अंतिम फेरीच्या वाटेवरील काही स्पर्धकांचा कॅमेऱ्याने पाठलाग केला आहे. पाठलाग करणारा दमावा आणि ज्याचा पाठलाग चालला आहे तो बोलतच राहावा, असे चित्रपटांच्या इतिहासात फार वेळा घडले नसावे.

या स्पर्धेचे खरे वैशिष्ट्य बोलण्यात नसून थांबण्यात आहे. स्पर्धकाला पाच ते सात मिनिटे दिलेली असतात. पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल दिवा लागतो, आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या मिनिटाची सवलत धरून जो साडेचार मिनिटांच्या आत खाली बसेल तो बाद होतो, तसाच साडेसात मिनिटांपुढे जाईल तोही बाद होतो. यांपैकी पहिल्या कलमाखाली कारवाई करण्याचा प्रसंग वक्त्यांच्या जातीत विरळाच यावयाचा; दुसरे कलम मात्र अनेकांच्या राशीला बसलेले आहे. ज्योतिषात शनीचा फेरा साडेसात वर्षांचा सांगितला आहे, येथे तो साडेसात मिनिटांतच आटोपतो, परंतु परिणाम तितकाच दारुण असतो आणि उपाय मात्र एकही नाही, कारण शनीला निदान तेल वाहता येते, वेळ मोजणाऱ्या टाइमरला तेही वाहता येत नाही. टाइमर हा मनुष्य स्वतः एक अक्षरही न बोलता सभागृहातील सर्वांत प्रभावी वक्त्याला गप्प करू शकतो, या दृष्टीने पाहता संस्थेतील खरे पद तेच होय.

वक्तृत्वाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकास १९७३ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीचा दाखला द्यावाच लागतो, तेव्हा तो येथेही देऊन टाकणे इष्ट. आपल्याला कशाकशाची भीती वाटते असे लोकांना विचारले असता ४१ टक्क्यांनी लोकांसमोर बोलण्याचे नाव घेतले, ३२ टक्क्यांनी उंचीचे, २२ टक्क्यांनी किड्यांचे आणि १९ टक्क्यांनी मरणाचे घेतले. यावरून माणसे भाषणाला मृत्यूपेक्षा अधिक भितात असा निष्कर्ष काढून कितीतरी भाषणांची सुरुवात केली जाते. तथापि या पाहणीत एक मोठी उणीव राहून गेली, ती अशी की भाषण ऐकण्याची भीती हा पर्याय कोणाला सुचलाच नाही. सुचला असता तर आकड्यांची उतरंड कशी लागली असती, याची कल्पना ज्यांनी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत मागच्या रांगेत बसून दोन तास काढले आहेत त्यांना सहज करता येईल.

जागतिक स्पर्धेत उतरणाऱ्यास भाषेपेक्षा दुःखाचे भांडवल अधिक लागते. प्रचलित रचनेप्रमाणे पहिल्या मिनिटात श्रोत्यांना हसवावे लागते, तिसऱ्यात वक्त्यावर आयुष्यातले एखादे संकट कोसळावे लागते, पाचव्यात आजी, वडील किंवा एखादा वृद्ध शिक्षक यांपैकी कोणीतरी एक वाक्य बोलून जावे लागते आणि पिवळा दिवा लागण्याच्या सुमारास वक्त्याला जीवनाचा अर्थ सापडावा लागतो, म्हणजे लाल दिव्यापूर्वी तो श्रोत्यांना वाटून टाकता येतो. ज्यांचे बालपण सुखात गेले, आईवडील समजूतदार निघाले आणि नोकरी पहिल्याच मुलाखतीत मिळाली, अशा दुर्दैवी लोकांची या व्यवस्थेत फार कुचंबणा होते. मार्गदर्शक आणि असा स्पर्धक यांच्यात होणाऱ्या संवादाचा नमुना साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो :

“तुमच्या आयुष्यात काहीच वाईट घडलेलं नाही?”

“एकदा पाकीट हरवलं होतं.”

“मिळालं?”

“मिळालं. पैसेसुद्धा होते त्यात.”

“मग उपयोग नाही.”

यावर स्पर्धक काही दिवस घरी खिन्न बसतो, आणि ही खिन्नता तरी विषय म्हणून चालेल का असे विचारतो.

या थट्टेला एक अपवाद नोंदवणे भाग आहे. २००८ ची स्पर्धा जिंकणाऱ्या डॅलसच्या लाशुंडा रंडल्स यांना ल्यूपस झाला होता. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा शरीरावरच उलटते असा हा आजार. त्यांना संकट शोधायला बाहेर जावे लागले नव्हते. ते घेऊनच त्या व्यासपीठावर चढल्या, आणि त्यांच्यासाठीही दिवे त्याच क्रमाने लागले.

इतरांना मात्र काहीतरी करून दाखवावे लागते, आणि स्पर्धेचा अलीकडचा इतिहास चाळला असता वक्तृत्व ही केवळ तोंडाची कला असल्याचा भ्रम लवकर दूर होतो. २००१ च्या विजेत्या डॅरेन लाक्रॉय यांनी अपयशाचे महत्त्व पटवण्यासाठी भर व्यासपीठावर स्वतःला पालथे पाडून घेतले आणि तसेच पडल्या पडल्या भाषण चालू ठेवले. २०१५ चे विजेते सौदी अरेबियाचे मोहम्मद कहतानी, जे लहानपणापासून तोतरेपणाशी झगडत आले होते, ते व्यासपीठावर आले ते सिगारेट ओढण्याच्या बेतानेच. पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या डॅरेन टे यांनी आतून घालायचे वस्त्र विजारीवरून चढवले आणि त्या अवस्थेत जगज्जेतेपद मिळवले. याच २०१६ च्या फेरीत ॲरन बेव्हरली दुसरे आले, परंतु नियमांच्या अभ्यासकाला त्यांचीच कामगिरी अधिक मोलाची वाटेल. स्पर्धेच्या प्रथेप्रमाणे सूत्रसंचालक आधी वक्त्याचे नाव, मग भाषणाचे शीर्षक, पुन्हा शीर्षक आणि पुन्हा नाव अशा क्रमाने पुकारा करतो, आणि वेळ मोजायला सुरुवात होते ती वक्त्याने तोंड उघडल्यावर किंवा हावभाव केल्यावर. हे ध्यानात घेऊन बेव्हरली यांनी आपल्या भाषणाला तब्बल ५७ शब्दांचे शीर्षक दिले. ते दोनदा वाचताना सूत्रसंचालकाचा श्वास, श्रोत्यांचे हसू आणि घड्याळाची अब्रू यांचे काय झाले असेल हे सांगावयास नको. कायद्यातली फट शोधून तिच्यात मंडप घालण्याची ही बुद्धी पाहता या गृहस्थांचे आजोळ आपल्याकडे कोठे तरी असावे असा संशय येतो. तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, ते डेन्व्हर येथे जगज्जेते झाले, आणि त्या वेळचे शीर्षक बरेच लहान होते.

दोन भाषणांच्या मध्ये एक मिनिट संपूर्ण शांतता पाळली जाते, हाही या स्पर्धेचा एक विलक्षण नियम होय. त्या मिनिटात परीक्षक गुणपत्रिका भरतात. मराठी प्रेक्षकाने हे दृश्य प्रथमच पाहिले तर त्याचा गैरसमज होणे अपरिहार्य आहे, कारण आपल्याकडे सभेत एक मिनिट शांतता पाळायची ती दिवंगताला श्रद्धांजली म्हणून, त्यामुळे भाषण संपताच सारे सभागृह माना खाली घालून स्तब्ध बसलेले पाहून तोही भांबावून उठून उभा राहतो आणि शेजाऱ्याला “कोण गेलं?” असे हळूच विचारतो. गुणपत्रिकेत आशयाला पन्नास, सादरीकरणाला तीस आणि भाषेला वीस असे शंभर गुण असतात, आणि आशयाच्या पन्नासांत भाषणाच्या मोलाचे म्हणून स्वतंत्र पंधरा असतात. एखाद्याने आपल्या आईचा अखेरचा निरोप सांगावा आणि समोरच्याने डोळे पुसत त्याला पंधरापैकी साडेअकरा द्यावेत की बारा, या विचारात पडावे, ही परीक्षकाची मनोवस्था माहितीपट करणाऱ्यांनी खरे तर अधिक बारकाईने टिपावयास हवी होती.

असे माहितीपट पाहण्याचे दुष्परिणाम पाहणाऱ्याच्या घरी दिसू लागतात, आणि या विषयाच्या अभ्यासात त्यांची नोंद न घेणे हा अन्याय ठरेल. टोस्टमास्टर्सच्या बैठकीत आह-काउंटर नावाचा एक पदाधिकारी असतो. वक्ता बोलताना अडखळून जे निरर्थक आवाज आणि शब्द भरतो, त्यांची नोंद ठेवून शेवटी ती जाहीर करणे हे त्याचे काम. मध्यमवयीन सद्गृहस्थ हा माहितीपट पाहून उठतो तो हे पद स्वतःकडे घेऊनच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी वही ठेवून बसतो.

“अहो, म्हणजे काय झालं माहितीये का, गॅसवाला आला होता ना, म्हणजे काल, तर तो...”

“दोन ‘म्हणजे’, एक ‘माहितीये का’ आणि एक ‘ना’,” गृहस्थ वहीत रेघा मारीत सांगतो.

“आणि तो सिलिंडर न देता गेला,” असे पत्नी एकही अनावश्यक शब्द न वापरता सांगते, आणि त्या दिवशी स्वयंपाकही त्याच काटकसरीने होतो.

ऑफिसात हा प्रयोग साहेबांवर करता येत नाही. साहेबांच्या तोंडी दर वाक्याला दोनदा “बेसिकली” येते आणि वही पुरत नाही हे एक कारण झाले. वही साहेबांना दिसली हे दुसरे. तेव्हा गृहस्थ मोजणे सोडून बोलण्याकडे वळतो. माहितीपटातील स्पर्धक आरशासमोर सराव करतात असे समजल्यावरून तो न्हाणीघरातल्या आरशासमोर हातवारे करू लागतो, तेव्हा बाहेरून दार वाजते आणि “बाबा, कोणाशी भांडताय?” अशी चिंतायुक्त पृच्छा होते. हात खांद्याच्या रेषेपर्यंत उघडून श्रोत्यांना कवेत घेण्याची जी मुद्रा सांगितलेली आहे, ती दोन खोल्यांच्या घरात नीट करता येत नाही. पाहुण्यांसमोर ती केल्यास पाहुण्यांऐवजी चहाचा ट्रे कवेत येतो.

या साधनेची परीक्षा होते ती गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत. वक्तृत्वशास्त्रात विराम नावाचे एक अस्त्र आहे. महत्त्वाचे वाक्य उच्चारण्यापूर्वी वक्त्याने दोन-तीन क्षण मुद्दाम स्तब्ध राहावे, म्हणजे श्रोत्यांची उत्कंठा शिगेला पोहोचते आणि पुढचे वाक्य काळजाला भिडते, असा त्यामागील सिद्धान्त. गृहस्थ उभा राहतो, सर्वांकडे क्रमाने पाहतो, पार्किंगच्या प्रश्नावर हळुवार सुरुवात करतो, आवाज चढवतो, आणि “या सगळ्याला जबाबदार कोण आहे, हे मी आज इथं स्पष्टपणे सांगणार आहे,” असे म्हणून शास्त्रोक्त विराम घेतो.

“ठीक आहे,” सेक्रेटरी लगेच म्हणतात, “पुढचा विषय, पाण्याची टाकी.”

विरामाचा हा धोका जागतिक स्पर्धेत संभवत नाही, कारण तेथे पुढचा विषय नसतो. सभेत मात्र विराम घेणारा आणि संपलेला यांच्यातला भेद ओळखण्याइतकी फुरसत कोणालाच नसते, आणि ज्यांना हे अनुभवाने कळलेले आहे असे मुरलेले सभासद श्वास घेण्यासाठीसुद्धा थांबत नाहीत. ते एका वाक्याचे क्रियापद पुढच्या वाक्यात टाकून मधली जागा बंद करतात.

महाराष्ट्राला हे सारे नवे वाटू नये. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि ती चालवणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा, म्हणजे बोलण्याला उत्तेजन देणारी सभा, असे आहे. स्मेडली यांच्या तळघराला त्या वेळी अजून जवळजवळ अर्धशतक अवकाश होता. उत्तेजनाचे कार्य इतके सफल झाले की पुढे मराठी माणसाला बोलते करण्यासाठी कोणाला वेगळे प्रयत्न करावे लागल्याचे ऐकिवात नाही. गप्प करण्यासाठी मात्र शाळांनी घंटा आणली. पाचव्या मिनिटाला पहिली, सहाव्याला दुसरी, आणि तीही न ऐकणाऱ्यासाठी घंटा वाजवणाऱ्या मुलाच्या अंगात असेल तितकी.

शालेय वक्तृत्व स्पर्धेचा हंगाम एक ऑगस्टच्या, म्हणजे लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीच्या आसपास भरात येतो. त्या दिवशी राज्यभरच्या शाळांत शेंगांच्या टरफलांची गोष्ट इतक्या वेळा सांगितली जाते की एकाच वर्गातली टरफले न उचलण्याबद्दल लोकमान्यांना अजून किती वर्षे उभे करून ठेवणार, असा प्रश्न परीक्षकास पडतो. स्पर्धक चुणचुणीत असतो, त्याच्या डोक्यावर पुणेरी पगडी असते, ती त्याच्या मोठ्या भावाच्या मापाची असते आणि ‘सिंहगर्जना’ हा शब्द येताच ती डोळ्यांवर उतरते. त्यामुळे गर्जनेचा उत्तरार्ध अंधारातून येतो. टोस्टमास्टर्सच्या स्पर्धेत भाषणाचा किमान पाऊण भाग वक्त्याचा स्वतःचा असावा लागतो. हा नियम आपल्या शाळांनी लावला तर व्यासपीठावर विद्यार्थी न दिसता त्यांच्या मावश्या, क्लासचे सर आणि शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक यांची रांग लागेल. मुलाचा स्वतःचा म्हणावा असा भाग म्हणजे विस्मरण. तो मध्येच थांबतो, छताकडे पाहतो, पहिल्या रांगेतली आई ओठांनी पुढचे वाक्य फेकते, ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि मग तो शांतपणे पुन्हा “अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो” येथून सुरुवात करतो, कारण पाठांतराला मधल्या दाराने शिरता येत नाही. दुसऱ्या खेपेस तो अचूक म्हणतो, पण तोवर दोन्ही घंटा होऊन गेलेल्या असतात.

ही शिस्त ज्यांच्यापुरती सैल सोडलेली असते ते लोक बक्षीस समारंभाला येतात. आयोजक प्रास्ताविकात दोन शब्द बोलतात, त्यांना वीस मिनिटे लागतात. पाहुण्यांच्या परिचयाला पाहुण्यांनीच लिहून पाठवलेला कागद असतो, तो दोन्ही बाजूंनी भरलेला असतो. आणि शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ व छायाचित्रकारासाठी पुन्हा एकदा शाल असे सोपस्कार झाल्यावर प्रमुख पाहुणे माइक आपल्या उंचीला जुळवून घेतात. ते मुलांना वेळेचे महत्त्व सांगणार असतात. “मी फार वेळ घेणार नाही,” असे ते म्हणतात तेव्हा मुलांपैकी जी लहान असतात ती आशेने चप्पल शोधू लागतात आणि मोठी भिंतीला टेकतात. पाहुणे आपल्या शाळेपासून सुरुवात करतात, त्या शाळेत आपल्याला भाषण करता येत नव्हते हे सांगतात, ते कसे येऊ लागले हे सांगतात, आणि येऊ लागल्याचा पुरावा समोर चालूच असतो. अधूनमधून ते आयोजकांकडे वळून “माझा वेळ झाला का?” असे सौजन्याने विचारतात, आणि आयोजकांपैकी ज्याला घरी जायची सर्वांत जास्त घाई असते तोच “नाही, नाही, बोला सर,” असे म्हणून बसतो, कारण मराठीत या प्रश्नाला दुसरे उत्तर उपलब्ध नाही.

अशा वेळी कोपऱ्यातल्या टेबलापाशी घंटा सांभाळणारा सातवीतला मुलगा, ज्याला सकाळपासून घड्याळ पाहून घंटा मारण्यावाचून दुसरे काम दिलेले नाही आणि ते थांबव असेही कोणी सांगितलेले नाही, तो सवयीने बरोबर पाचव्या मिनिटाला घंटा मारतो. वर्गशिक्षिका जागच्या जागी पांढऱ्या पडतात, मुख्याध्यापक डोळे वटारतात, मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवतो. पाहुणे मात्र त्या आवाजाच्या दिशेने कौतुकाने पाहतात आणि हातातले कागद उलटतात.

“पहिली घंटा झाली,” ते प्रसन्नपणे म्हणतात, “म्हणजे प्रस्तावना वेळेत झाली. आता आपण मुख्य विषयाकडे वळू.”